एतुआले मिस्त्री चटईखाली बसला

एतुआले मिस्त्रीनं आयुष्यात चार चर्चं उभी केली आणि पाचव्याचा स्लॅब पाडला. त्या स्लॅबखाली मालाकी गेला.

दक्षिण समुद्रातल्या बेटावरच्या सातोमाई गावात हे कुणी त्याच्या तोंडावर बोलत नव्हतं. पण त्याचं नाव निघालं की लोक जरा थांबायचे, आणि त्या थांबण्यात हेच असायचं.

माणूस कामाचा होता, त्यात खोट काढता येणार नाही. ओळंब्याला केसाइतका फरक त्याला चालत नसे. समुद्राची वाळू तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय गिलाव्यात जाऊ देत नसे. दुसऱ्यानं बसवलेला दगड हातानं हलवून बघायचा, आणि हलला की उपटून त्याच्याच पायाशी टाकायचा. बंदरावर दिवसभर सिमेंटची पोती वाहायचा, आणि उरलेल्या वेळात चर्चचं बांधकाम. चारही चर्चं त्यानं फुकट बांधली. मजुरीचं विचारलं तर बोट वर करायचा. तिथं जमा होतेय, म्हणायचा.

त्याला कारण होतं. त्याच्या बापाला दारूपायी चर्चमधून काढलेलं होतं. रविवारी बाप मागच्या दाराबाहेर उभा राहून गाणी ऐकायचा, आणि सहा वर्षांचा एतुआले त्याचं बोट धरून उभा असायचा. आत शिरणारे लोक दोघांकडे न बघता जायचे. तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं की देवाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही. पुढं जवळजवळ साठ वर्षं तो राहिला नाही.

पाचवं चर्च त्याच्या स्वतःच्या गावातलं. पावसानं काम मागं पडलं होतं. ऑक्टोबरात मुलांचा पांढरा रविवार असतो, त्या दिवशी चर्च उघडायचं असं मिस्त्रीनं सभेत उठून सांगितलं होतं. दर्शनी पोर्चचा स्लॅब टाकला तेव्हा हातात दहा दिवस होते. त्या जाडीच्या स्लॅबला एकवीस दिवस टेकू ठेवायचे असतात. हे मिस्त्रीनंच गावातल्या पोरांना शिकवलेलं.

नवव्या दिवशी, शनिवारी, तो म्हणाला, "टेकू काढा."

टेकूंच्या कामावर मालाकी होता. त्यानं स्लॅबच्या पोटाला तळवा लावून पाहिला. "मिस्त्री, याला अजून घाम आहे."

"उद्या मुलं पांढरे कपडे घालून इथून आत जाणार. बांबूंच्या रानातून जातील का?"

"पुढच्या रविवारी जातील."

"देवाला तारीख दिलीय मी. देवाचं घर आहे, देव धरील. काढ."

मालाकीनं सहा टेकू काढले. सातवा काढताना वरून बारीक खडी गळली, एवढंच लोकांनी ऐकलं. मिस्त्री तेव्हा बाहेर उन्हात उभा राहून ओळंब्याची दोरी गुंडाळत होता.

पोलीस आले, अपघात लिहून घेऊन गेले. गावसभेनं मिस्त्रीला दहा डुकरांचा दंड केला. त्यानं बारा दिली. मालाकीला त्याच्या घरासमोर पुरलं, आमच्याकडे पुरतात तसं. आणि त्या संध्याकाळी मिस्त्रीचा थोरला भाऊ लेमाना त्याच्याकडे आला. लेमाना घराण्याचा मताई, म्हणजे घराण्याच्या वतीनं बोलणारा, नमणारा आणि शिव्या खाणारा. तो खांबाला टेकून बसला.

"उद्या पहाटे माफीची चटई घेऊन मालाकीच्या दारात जाऊ. मी तिच्याखाली बसतो, तू माझ्यामागं बस. चुलीचं लाकूड आणि डुक्कर भाजायच्या भट्टीचे दगड पुढं ठेवू, हवं तर आम्हाला भाजा म्हणून. त्याच्या घरच्यांनी चटई उचलली तर सुटलो. नाही उचलली तर पाउगा कोयता घेऊन येईल. तो त्यांचा हक्क."

पाउगा म्हणजे मालाकीचा धाकटा भाऊ. बंदरावर त्याला दोन माणसांचं काम एकट्यानं करताना मिस्त्रीनं पाहिलं होतं.

"मी काय खून केलाय?" मिस्त्री म्हणाला.

"माणूस मेलाय."

"दादा, मी चोरासारखा चटईखाली तोंड लपवणार नाही. बसून काय होतं? माझे हात अजून शाबूत आहेत. मालाकीच्या बायकोचं जे गेलं ते हातांनी भरून देईन."

आत त्याची बायको लोइमाता नीरफणस सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "नवरा भरून देणार का तिला? कुठल्या मापाचा?"

"तू गप्प बस."

"गप्पच आहे मी. चाळीस वर्षं."

लेमाना उठला. "तू येणार नसशील तर मी कुणाच्या वतीनं मान खाली घालू? तुझ्या थापीच्या?" पायरी उतरताना मागं न बघता तो म्हणाला, "तुझं डोकं दगडाचं आहे, एतुआले. आणि तो दगडही नीट बसवलेला नाही."

त्यानंतर आठ महिने दोघे भाऊ बोलले नाहीत.

मालाकीच्या बायकोचं नाव सिनापाती. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं गोठलेला काळा लाव्हा सुरू होतो. घरासमोर पांढऱ्या खड्यांचं अंगण, अंगणात कबर, घरामागं तारोचं, म्हणजे अळूसारख्या कंदाचं, वावर. दगडांच्या फटींत माती शोधून लावलेलं ते वावर मालाकीनं दरवर्षी कुंपण घालून राखलं होतं. तो गेल्यावर कुंपण ढासळलं आणि गावाची डुकरं आत शिरली. तारोचे कंद म्हणजे तिचं वर्षाचं जेवण.

मिस्त्री पहिल्या सोमवारी पहार आणि घण घेऊन गेला. वावराच्या कडेनं कोरडी भिंत घालायला घेतली, चुना नाही, सिमेंट नाही. काळा दगड बघून, फिरवून, त्याची बैठक शोधून ठेवायचा, फटीत चीप ठोकायची, मग पुढचा. सहाव्या दिवशी एकवीस हात भिंत कमरेइतकी उभी राहिली. मिस्त्रीनं तिच्यावरून चालून पाहिलं. एक दगड हलला नाही.

सिनापातीनं सहा दिवस मागच्या खांबाशी बसून ते बघितलं. सहाव्या संध्याकाळी, प्रार्थनेचा शंख वाजायच्या आधी, ती उठली आणि भिंत पाडली. वरचा थर, मग खालचा, मग त्याच्या खालचा. दगड इकडंतिकडं फेकले नाहीत. होते तिथं, वावराबाहेर, ओळीनं ठेवले. तिलाही नीट काम करायची सवय होती.

सोमवारी मिस्त्रीनं पाहिलं. भिंत पुन्हा घातली, या वेळी पाया एक वीत खोल. ती पुन्हा पाडली गेली.

हे आठ महिने चाललं. मधे पावसाचे आठवडे गेले, एकदा मिस्त्रीच्या अंगठ्यावर दगड पडून नख गेलं, तेवढेच खाडे. गावातले म्हातारे कावा हे मुळांचं पेय पिताना म्हणायचे, "मिस्त्रीची दिवसपाळी, सिनापातीची संध्याकाळपाळी. डुकरांची कायमची सुट्टी."

पाउगा दोनदा अंगावर आला. एकदा त्यानं मिस्त्रीच्या हातातली पहार हिसकावून लाव्ह्यात फेकली. "म्हाताऱ्या, तू वहिनीच्या दारात काय धुवायला येतोस रोज? तुझे हात? ते समुद्रावर धू."

"मी माझं काम करतोय."

"तुझं काम आम्ही पाहिलंय. चर्चच्या दारात पाहिलंय."

मिस्त्री पहार शोधून आणून परत कामाला लागला. त्याला वाटत होतं, शिव्या खाऊनही आपण काम सोडत नाही, हे कुठंतरी जमा होत असणार.

रविवारी तो मोडक्या पोर्चखालून चर्चमध्ये जायचा आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला बसायचा. एका रविवारी पाळक आपीसालोमांनी त्याला दारात धरलं. पाळक म्हातारे होते, बोलायला कडक.

"एतुआले, तीस वर्षं झाली मला इथं. तू एकदाही प्रवचन संपेपर्यंत बसलेला नाहीस. मधेच उठतोस आणि पन्हळ बघायला जातोस."

"पन्हळ गळते, पाळकबाबा."

"गळू दे. तू या घरात कायम मजूर म्हणून येतोस. एकदा पाहुणा म्हणून येऊन बघ."

"फुकट बसून खाणाऱ्यांतला मी नाही."

"ते दिसतंय," पाळक म्हणाले. "फुकट दिलेलं तुझ्या घशाखाली उतरत नाही. मग ज्यानं फुकट दिलंय त्याच्याकडे तू येतोस कशाला? कृपा म्हणजे काय सिमेंट आहे, पोती मोजून घ्यायला?"

मिस्त्री रागानं निघून गेला. वाटेत त्याच्या मनात आलं, या माणसानं जन्मात एक दगड उचललेला नाही.

आठव्या महिन्यात, भिंतीचा वरचा थर लावत असताना, सिनापाती पहिल्यांदा त्याच्याजवळ आली. हातात खराटा होता. ती काळीसावळी, उंच बाई. तिच्या आवाजात चढउतार नव्हता.

"मिस्त्री, मालाकी किती दगडांचा होता?"

त्यानं हातातला दगड खाली ठेवला.

"सांग ना. तुला मापं कळतात. पाचशे? हजार? किती लागले म्हणजे तो पुरा होतो? तेवढे लागले की मी सांगते, झालं, मिस्त्री, फिटलं, जा घरी. त्यासाठीच येतोस ना?"

"तुझी तारो डुकरं खातात. म्हणून येतो."

"खोटं बोलू नकोस. डुकरं गावातल्या सगळ्यांची तारो खातात. बाकी कुणाच्या वावरात तू आठ महिन्यांत गेला नाहीस." तिनं खराटा भिंतीला टेकवला. "तू दगड लावतोस आणि प्रत्येक दगडागणिक माझ्याकडून काहीतरी काढून न्यायला बघतोस. मी देत नाही. म्हणून पाडते."

"मग मी करू तरी काय?" मिस्त्रीचा आवाज चढला. "सांग. घराचं छत करू? कबरीला फरशी लावू? सांगशील ते करतो."

"तुला करण्याशिवाय काही येत नाही का रे?"

तिनं घराच्या पुढच्या बाजूला बोट केलं.

"तू पहाटे येतोस तेव्हा समोरचं अंगण बघतोस?"

"बघतो. झाडलेलं असतं." एकदा मनातल्या मनात त्यानं तिला शाबासकीही दिली होती, बाई कामसू आहे म्हणून.

"कुणासाठी झाडते मी? मालाकी कबरीतून उठून बसणार आहे का तिथं? मी जागा ठेवलीय. आठ महिने रोज अंधारात उठते, पानं काढते, खडे सारखे करते आणि रस्त्याकडे तोंड करून बसते. आज येतील. तुझा भाऊ येईल, चटई अंगावर घेऊन बसेल. मग मी ती उचलीन, नाहीतर डोक्यात दगड घालीन. दोन्हींपैकी काहीतरी माझ्या हातात असेल. आणि रोज उजाडलं की कोण येतं? तू. मागच्या बाजूनं. पहार घेऊन."

तिनं खराटा उचलला.

"नवरा तर नेलासच. माफ करायचं की नाही, तेवढं तरी माझ्याकडे राहायला हवं होतं. तेही तुला स्वतःच कमवायचंय. जा आता."

ती गेली. मिस्त्री त्या अर्ध्या थराशी उभा राहिला. मग तो घरी निघाला. घण, पहार, दोरी तिथंच राहिली. त्याची हत्यारं रात्रभर बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ.

तो आधी लेमानाकडे गेला. लेमाना जाळं दुरुस्त करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दादा, चटई घेऊन जायचं."

"आठ महिने झाले."

"मला माहीत आहे."

"आता मी खाली बसणार नाही. तू बसशील. मी मागं." लेमानानं दोऱ्याला गाठ मारून दातांनी तोडला. "आणि काही करायचं नाही. बोलायचं नाही, रडायचं नाही, वर बघायचं नाही. नुसतं बसायचं. जमेल?"

"जमेल."

"मला शंका आहे."

घरी लोइमातानं छताजवळच्या फळीवरून चटई काढली. केवड्याच्या पातींची, दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्यांची, हातात धरली तर कापडासारखी लोंबणारी. कडेला तांबडी पिसं. चार वर्षं विणलेली, मुलीच्या लग्नासाठी. तिनं ती नवऱ्यासमोर ठेवली.

"ही तुझ्यासाठी नव्हती. ही विणताना माझे डोळे गेले. घे."

"दुसरी देतो मी तुला..."

"दे बघू विणून. पाती फाडता येतात का तुला?" ती वळली. "आणि तोंड पाडू नकोस. घे म्हणते ना."

पहाटे निघायच्या आधी मिस्त्री भट्टीचे दगड निवडत बसला. तापल्यावर फुटणारे भोकांचे दगड बाजूला आणि घट्ट, जड दगड टोपलीत. प्रत्येक दगड दुसऱ्यावर वाजवून बघत होता.

लेमाना कंदील घेऊन उभा होता. "ते तुलाच भाजायला नेतोय आपण. इतके चांगले कशाला निवडतोस?"

"वाईट दगड नेणं बरं दिसत नाही."

लेमाना हसला नाही. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं.

झुंजुमुंजू होता होता ते सिनापातीच्या अंगणाशी पोचले. घराण्यातली अकरा माणसं. अंगण झाडलेलं होतं. मिस्त्री पांढऱ्या खड्यांवर, कबरीपासून चार हातांवर मांडी घालून बसला. पुढं लाकडाची मोळी, दगड आणि भट्टी झाकायची पानं. लेमानानं चटई त्याच्या डोक्यावरून पांघरली आणि तो इतरांबरोबर मागं मान घालून बसला.

चटईखाली आधी गार होतं. बायकोच्या हाताचा वास होता, खोबरेल आणि धूर. मिस्त्रीला स्वतःचे गुडघे दिसत होते आणि त्यांच्यापुढं वीतभर खडे.

घरात हालचाल झाली. कुणीतरी ओरडलं. मग पाउगाची पावलं आली, धावत.

"आत्ता सुचलं? आत्ता? वहिनी, हाणू का याला?"

उत्तर आलं नाही. एक दगड आला. मिस्त्रीच्या डाव्या खांद्यावर बसला. मागं लेमानाच्या सुनेनं हुंदका गिळला. दुसरा दगड खड्यांवर पडून घरंगळला. मिस्त्रीला ओळखू आलं, हा भट्टीचाच, आपण निवडलेला.

मग खराट्याचा आवाज सुरू झाला. सिनापाती अंगण झाडत होती. झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडत होती. खराटा जवळ आला, त्याच्याभोवती फिरला, लांब गेला, पुन्हा आला. एकदा त्याची टोकं चटईच्या कडेला लागली आणि थांबली. खराटा पुढं गेला.

ऊन चढलं. चटई तापली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायचा नव्हता. मांडीखाली एक खडा टोचत होता. मिस्त्रीनं मनात काम लावून घेतलं. पाठ ताठ ठेवायची. मान एवढीच वाकवायची. लेमाना म्हणाला होता, शंका आहे. बघू दे त्याला. या गावात असा दगडासारखा चटईखाली कुणी बसला नसेल. एक तास धरला, दुसरा धरला. भिंतीवर थर चढवावेत तसे तो तास चढवत होता. इतकं बसल्यावर तिला उचलावीच लागेल, असं त्याच्या मनात आलं. आणि मग हेही आलं, की ही तर पुन्हा भिंतच झाली.

त्यानं ते मनातून काढायचा प्रयत्न केला. ते काढणंही कामच होत होतं.

गावातले लोक रस्त्यावर जमल्याचं त्याला आवाजावरून कळलं. पाळकांचा खोकलाही ऐकू आला. पण घरातल्या माणसांआधी बोलायचा कुणाला हक्क नसतो, म्हणून सगळे गप्प होते. एकटा पाउगा बोलत होता.

"बसू दे. संध्याकाळपर्यंत बसू दे. उद्यापर्यंत. मालाकी तिकडं कायमचा पडलाय."

पाय मेले. आधी मुंग्या, मग काहीच नाही. पासष्ट वर्षांची कंबर, चाळीस वर्षं पोत्यांखाली वाकलेली. दुपारच्या आत कधीतरी मिस्त्रीच्या डोळ्यांपुढचे खडे हलायला लागले. त्यानं दात आवळले. पाठ ताठ, पाठ ताठ. आणि पाठ त्याचं न ऐकता एका बाजूला झुकली. हात टेकायचा, तर हात चटईत अडकलेला. तो कुशीवर कोसळला. गाल खड्यांवर आदळला. चटई अर्धी घसरली आणि ऊन एकदम तोंडावर आलं.

मागून कुणी उठलं नाही. उठायचं नसतं.

रस्त्यावर कुणीतरी म्हणालं, "गेला." कुणीतरी म्हणालं, "चटई पडली. आता काय धरायचं?"

मिस्त्री तसाच पडून होता. उठून बसायची ताकद नव्हती. संपलं, त्याला वाटलं. बसायचंसुद्धा जमलं नाही. सांगितलेलं एकच काम, तेही पुरं झालं नाही. चटई सरकलेल्या बाजूनं त्याला फक्त कबरीचा कठडा दिसत होता. सिमेंटचा साधा कठडा, कुणी नवख्या हातानं केलेला, ओळंब्यात नसलेला. त्याला बाप आठवला, मागच्या दाराबाहेर उभा. आज हात रिकामे होते, आणि उभंही राहता येत नव्हतं.

सिनापातीचे पाय डोळ्यांसमोर आले. मातीचे, भेगाळलेले.

"वहिनी, बाजूला हो," पाउगा म्हणाला. "पडलाय तो. मोडलं ते. आता आपण त्याचं काही देणं लागत नाही."

"माहीत आहे मला," सिनापाती म्हणाली.

ती वाकली. घसरलेली चटई तिनं दोन्ही हातांनी उचलली, पुरती उचलली, झटकून खडे पाडले, आणि घडी घालून खांद्यावर टाकली.

लेमाना मागं रडत होता. मोठ्यानं, मताईला न शोभेल असा.

"उठ," सिनापाती मिस्त्रीला म्हणाली.

"पाय नाहीत."

"पाउगा, याला उचल."

"मी?"

"मग काय मी उचलू?"

पाउगा जागचा हलला नाही. मग त्यानं हातातला कोयता कबरीच्या कठड्यावर ठेवला, मिस्त्रीला काखेत हात घालून पोत्यासारखं उचललं आणि घरात नेऊन खांबाशी आदळलं. "हाडं नुसती," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन लाथेनं मोळी उधळली.

बाहेर लेमाना आणि मालाकीच्या घराण्याचे वडीलधारे भाषणं करायला बसले. ती भाषणं लांब असतात. आत सिनापातीनं केळीच्या पानावर उकडलेली तारो ठेवली, नारळाच्या दुधातली, वर डब्यातलं मांस, शेजारी कोकोचा कप. पान मिस्त्रीसमोर सारलं आणि समोर बसून पंख्यानं माशा वारायला लागली, पाहुण्यासमोर बसतात तशी.

मिस्त्रीनं पानाकडे बघितलं. तारो तिच्या वावरातली होती. कंदांचे डुकरांनी कुरतडलेले भाग कापून टाकलेले दिसत होते. खाऊन उरलेले कंद तिनं काढून आणले होते.

"आधी भिंत पुरी करतो," तो म्हणाला. "एक टोक आणि अर्धा थर राहिलाय. मग जेवतो."

"त्या भिंतीच्या एका दगडाला हात लावलास तर ही चटई आत्ता रस्त्यावर नेऊन टाकते."

"तुझी तारो..."

"माझी तारो आहे ती."

त्यानं पाय चोळले. पाय जिवंत होत होते, आगीसारखे.

"आणि एक ऐक," सिनापाती म्हणाली. पंखा थांबला नव्हता. "मला तुझं तोंड बघवत नाही. उद्याही बघवणार नाही. रस्त्यात दिसलास तर मी बोलेनच असं नाही. चटई उचलली ती वेगळी गोष्ट. ती तू नीट बसलास म्हणून उचलली नाही, आणि पडलास म्हणूनही नाही. दगड लावलेस म्हणून तर नाहीच नाही. कशासाठी उचलली ते मला विचारू नकोस. मलाही पुरतं माहीत नाही. आता खा."

मिस्त्रीनं तुकडा उचलला. तोंडात घातला. चावला. तो गिळायला त्याला वेळ लागला.

मागच्या खांबांमधून वावर दिसत होतं. अपुरी भिंत, तिच्याशेजारी काल राहिलेली पहार. भिंतीच्या उघड्या टोकाशी एक काळी डुकरीण येऊन उभी राहिली. मागं चार पिल्लं. तिनं हवेत नाक फिरवलं आणि निवांत आत शिरली.

मिस्त्रीचा हात जमिनीला टेकला. एक पाय त्यानं पोटाखाली घेतला.

"मिस्त्री," सिनापाती म्हणाली.

तो थांबला.

"बस."

डुकरिणीनं पहिला गड्डा उकरला. माती उडाली. पिल्लं तिच्या अंगाखालून घुसली. एवढ्या अंतरावरूनही मिस्त्रीला पानं मोडल्याचं ऐकू येत होतं. त्याच्या हाताची बोटं आपोआप दगडाच्या आकाराची झाली होती. ती त्यानं एकेक करून उघडली.

मग तो पुन्हा खांबाला टेकून बसला, आणि पानावरचं जेवायला लागला.